दिपालीचं नाव खोडलं तो दिवस

उदगीरच्या किल्ल्याकडच्या त्या शाळेचा मुलींचा फुटबॉल संघ लातूर विभागात सलग अकरा वर्षं हरला नव्हता. चार वेळा तर राज्याचं अजिंक्यपद घेऊन आला होता. कोल्हापूर-पुण्याच्या प्रशिक्षकांना उदगीर नकाशावर दाखवता आलं नसतं, पण राज्यस्पर्धेच्या चिठ्ठ्या निघाल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "उदगीर कुठल्या गटात?"

हे सगळं शेषेराव सरांनी उभं केलेलं. सर निवृत्त झाले आणि संघ शिवकन्येच्या हाती आला. ती सरांच्याच पहिल्या तुकडीतली, आता त्याच शाळेत क्रीडाशिक्षिका. तिचं हे तिसरं वर्ष. लोकांना वाटायचं, बाईचं नशीब जोरावर आहे, आयता संघ मिळाला. पण जिंकल्याचा आनंद काय असतो ते शिवकन्या विसरूनच गेली होती. शेवटची शिट्टी झाली की छातीवरचा धोंडा बाजूला व्हायचा एवढंच, आणि दुसऱ्या दिवसापासून पुढच्या वर्षीचा धोंडा. अकरा वर्षांची माळ तुटली तर ती आपल्याच हातात तुटणार, हा घोर तिला जेवताना, फळ्यावर लिहिताना, भाजी निवडतानासुद्धा सोडत नसे.

यंदाच्या विभागीय स्पर्धा लातुरात होत्या. उपांत्य सामना हिंगोलीशी झाला. त्यात गोलकीपर दिपाली चेंडूवर झेपावली आणि समोरून येणाऱ्या पोरीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. दिपाली चार-पाच श्वास पडून राहिली, मग उठली, पंचाला हाताने 'ठीक' अशी खूण केली आणि पुढे एक पेनल्टीही अडवली. सामना जिंकल्यावर पोरींनी तिला खांद्यावर घेतलं. शिवकन्येने विचारलं, तर म्हणाली, "काई न्हाई मॅडम, थोडं लागलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नांदेडशी अंतिम सामना होता. आठ वाजता वसतिगृहाच्या ओसरीत पोरी पोहे खात होत्या. दिपालीच्या बशीतले पोहे तसेच होते. ती उन्हाकडे पाठ करून बसली होती.

"खा ग," शिवकन्या म्हणाली.

"भूक न्हाई मॅडम. आपली मॅच कोणासोबत हाय?"

"नांदेड. काल सांगितलं की."

"हाव, हाव. नांदेड."

तेवढ्यात दिपालीची आई, धुरपताबाई, उदगीरहून पहिल्या बसने येऊन पोचली. ती दालमिलमध्ये कामाला. पोरीचा खेळ बघायला म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा रजा टाकली होती. सोबत डब्यात धपाटे आणले होते. मायलेकी पायरीवर बसल्या. शिवकन्या बूट मोजायच्या निमित्ताने जवळच उभी होती.

थोड्या वेळाने धुरपताबाई उठून तिच्याजवळ आली. आवाज बारीक करून म्हणाली, "मॅडम, पोरीला ताप-बिप हाय का? बाबा कामून न्हाई आले, असं तिनं मला तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं, त्यांचं काम औशाला चालू हाय, स्लॅब हाय आज. चौथ्यांदा पुन्हा तेच."

शिवकन्येने हातातले बूट खाली ठेवले.

तिने दिपालीला बाजूला घेतलं. डोक्याला मार लागल्यावर काय विचारून बघायचं, ते एका शिबिरात डॉक्टरांनी सांगितलेलं तिला आठवत होतं. "तीन शब्द सांगते, ध्यानात ठेव. खुर्ची, पेरू, सायकल." मग तिने इकडचं-तिकडचं बोलणं काढलं, सराव, परीक्षा, घरची शेळी. पाच मिनिटांनी विचारलं, "सांग बरं, कोणते शब्द होते?"

"पेरू," दिपाली म्हणाली. मग तिचे डोळे भिरभिरले. "अन्… मॅडम, तुम्ही एकच सांगितला होता."

"डोकं दुखतंय?"

"न्हाई."

"दिपाली."

"थोडं दुखतंय. पण मॅडम, मी खेळले की काल. पेनल्टी अडवली." तिला सगळं उमगलं होतं. ती शिवकन्येचा हातच धरून बसली. "दहावीचं साल हाय माझं. आज जिंकून राज्याला गेलो तर सर्टिफिकेट मिळतंय, मार्क वाढतेत, पुढं नोकरीला जागा राखीव असती. पुढच्या साली माझं वय बसत न्हाई मॅडम."

शिवकन्येला हे सगळं ठाऊक होतं. दिपालीच्या घरी जाऊन, गवंडीकाम करणाऱ्या बापाला हेच सांगून तिनेच पोरीला मैदानावर आणलं होतं.

राखीव गोलकीपर होती आठवीतली गुरम्मा. सीमेवरच्या गावची, अर्धं कानडी बोलणारी, हात लांब आणि जीव उंदराएवढा. अख्खा सामना तिने कधी खेळलाच नव्हता.

मैदानावर शेषेराव सर खुर्ची टाकून बसले होते. शिवकन्या त्यांच्याकडे गेली आणि एका दमात सगळं सांगितलं. सरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी असतो तर खेळवली असती," ते म्हणाले.

शिवकन्या त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली.

"खोटं कशाला बोलू? खेळवल्यात मी अशा पोरी. काही झालं नाही म्हणून मी मोठा माणूस ठरलो." त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "पण ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. यादी तुझ्या हातात आहे, शिवकन्या. मला विचारून अर्धं ओझं माझ्यावर टाकू नको."

संस्थेचे सचिव व्यंकटराव जीपमधून पेढ्यांचे खोके घेऊन आले होते. त्यांच्या कानावर गोष्ट गेलीच. "डोकं दुखतंय तर गोळी द्या. पोरगी चालते, बोलते, दोन पायांवर उभी आहे. अकरा वर्षं हो मॅडम! लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते साहेब," शिवकन्या म्हणाली.

ती धुरपताबाईसमोर जाऊन उभी राहिली. "मावशी, हिला दवाखान्यात नेऊन डोक्याचा फोटो काढायला लागेल. खेळवता येणार नाही."

धुरपताबाईने एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा मैदानाकडे. "मी रजा टाकून आले मॅडम," ती एवढंच म्हणाली. मग डब्याची पिशवी उचलली. "कोणत्या दवाखान्यात?"

शिवकन्येने पंचांच्या टेबलापाशी जाऊन यादीतलं दिपालीचं नाव खोडलं आणि गुरम्माचं लिहिलं. दिपालीने हातमोजे काढून जमिनीवर आपटले. "तुम्हाला भेव वाटतंय मॅडम! तुम्हाला नेहमीच भेव वाटतंय!" संघासोबत आलेल्या दुसऱ्या शिक्षिका, शीला मॅडम, तिला आणि तिच्या आईला घेऊन रिक्षात बसल्या. रिक्षा फाटकातून बाहेर गेली तेव्हा पोरींनी मैदानावर ओळ धरली होती.

पुढचा तासभर शिवकन्या एका डोळ्याने सामना बघत होती आणि एक हात खिशातल्या फोनवर होता. आठव्या मिनिटाला नांदेडने गोल केला. चेंडू गुरम्माच्या पायांमधून गेला. ती गोलपट्टीवर मटकन बसली. "ऊठ ग!" शिवकन्या ओरडली, "अजून लई वेळ हाय, ऊठ!" मध्यंतरानंतर उदगीरच्या पोरींनी बरोबरी केली. गुरम्माने दोन चेंडू असे अडवले, की शेषेराव सर खुर्चीतून उठले. फोन मात्र वाजत नव्हता.

आणि त्या वेळी शिवकन्येच्या मनात एक विचार येऊन गेला. फोटोत काहीतरी निघू दे. थोडंसंच, बरं होण्यासारखं, पण निघू दे. म्हणजे मी बरोबर ठरेन. दुसऱ्याच क्षणी तिच्या अंगावर काटा आला. लोकाच्या लेकराचं वाईट चिंतलं आपण, तेही स्वतः बरोबर ठरावं म्हणून. तिने खरंच स्वतःच्या गालावर चापट मारली. शेजारी बसलेल्या राखीव पोरी बघतच राहिल्या.

शेवटची चार मिनिटं उरली असताना नांदेडच्या पोरीने कोपऱ्यावरून चेंडू उचलला. गुरम्मा पुढे धावली, घसरली. दोन-एक.

शिट्टी झाली. व्यंकटराव पेढ्यांचे खोके जीपमध्ये परत ठेवत होते, तेव्हा फोन वाजला. शीला मॅडम होत्या.

"फोटो नॉर्मल आहे. रक्तस्राव नाही, हाड ठीक आहे. मेंदूला हादरा बसलाय म्हणाले, तीन आठवडे आराम. डॉक्टर म्हणले, अशात दुसरा मार बसला असता तर मग सांगता आलं नसतं."

शिवकन्या गवतावर खाली बसली. कितीतरी वेळाने तिला पुरता श्वास आला.

जीपजवळ मात्र त्या निरोपातले दोनच शब्द पोचले. "नॉर्मल आहे!" व्यंकटराव म्हणाले. "काहीच झालं नव्हतं पोरीला. म्हणजे फुकट घालवलं की!" संध्याकाळपर्यंत उदगीरच्या चहाच्या टपऱ्यांवरही तेच झालं. पुढच्या आठवड्यात संस्थेने लेखी खुलासा मागवला. शिवकन्येने चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. नोकरी राहिली. पण सरावाला एकतीस पोरी यायच्या, त्या एकोणीस झाल्या. त्यांतल्या पहिल्या रांगेत रोज गुरम्मा उभी असायची, गुडघ्याला हळद लावून.

दिपाली बोलत नव्हती. शिवकन्या एक दिवसाआड तिच्या घरी जायची. धुरपताबाई चहा द्यायची, सांगायची, "आज उलटी न्हाई झाली," नाहीतर, "उजेडाचा तरास होतोय अजून." पोरगी आतल्या खोलीत पडून असायची.

बाराव्या दिवशी ती बाहेर आली. चेहरा उतरलेला, पण नजर ठाम. चुलीपाशी बसली.

"दुसरा गोल कसा झाला मॅडम?"

शिवकन्येने सांगितलं. कोपरा, उंच चेंडू, गुरम्मा पुढे आली.

"पुढं यायचंच न्हाई तिथं. पट्टीवर थांबायचं." दिपालीने चुलीतलं लाकूड आत सारलं. "तुम्ही बरोबर केलं असं मी म्हणणार न्हाई."

"नको म्हणू."

"माझं सर्टिफिकेट गेलं."

"गेलं," शिवकन्या म्हणाली.

चहा निवत चालला होता. धुरपताबाई दारात उभी राहून दोघींकडे पाहत होती.

"डॉक्टरकडं पुन्हा शुक्रवारी जायचं हाय," दिपाली म्हणाली. "आईला रजा न्हाई. तुम्ही येताल का?"

"येते," शिवकन्या म्हणाली.