आठ जणांची पंगत

कच्चा मासा आणि कोमट भात खायला लोक बीडहून गाडी करून येतात, हे धारूरच्या बाजारात कुणाला पटत नव्हतं. गहिनीनाथला तर मुळीच नाही. पण जपानी हाटेल पडलं त्याच्याच पोराचं, आणि तेही दूधसंस्थेच्या बंद शेडात! चेअरमन असताना गहिनीनाथ जिथं उभा राहून दूध घ्यायचा, तिथंच पोरानं, भारतनं, लाकडी ओटा टाकला होता. ओट्याला आठ खुर्च्या. पलीकडं उभा राहून तो एकेकाला घास वळून द्यायचा.

पोरगा आचारी व्हायला निघाला तेव्हा गहिनीनाथ भडकला होता. "तुझ्या हातचं खाल्लं तर गहिनीनाथ नाव सांगणार न्हाई!" बोलून बसला खरा. पोरगा जपानला जाऊन परत आला, तरी बापाचं तोंड शिवलेलंच. शेवटी छबुबाईनं नवऱ्याला फैलावर घेतलं. "म्हातारपणी कावून एवढा ताठा? चला, लेकराच्या हातचे दोन घास खा. तेवढंच पायजे त्याला." गहिनीनाथच्या मनातही तेच होतं. माफीबिफी त्याला जमणार नव्हती. खाऊन दाखवायचं, बस्स.

तर दोघं येऊन पहिल्या दोन खुर्च्यांवर बसले. पुढं बीडचा डॉक्टर आणि त्याचे पाहुणे, पार टोकाच्या आठव्या खुर्चीपर्यंत. भारतनं पेल्यांत तांबडी वाईन ओतली. छबुबाईनं नाक लावलं. "अगं बया, करवंदाचा वास येतोय की!" डॉक्टर म्हणाला, अशी वाईन पुण्यातही मिळत नाही.

भारतनं भाताची मूठ वळली, वर निखाऱ्यावर शेकलेला मासा ठेवला आणि पहिली बशी बापापुढं सरकवली. गहिनीनाथ मांडीवर हात ठेवून बसून राहिला.

"खा की वो!" छबुबाईनं कोपरानं ढोसलं.

"थांब गं."

दुष्काळात ह्याच शेडात संस्थेनं चारा छावणीतल्या माणसांची पंगत घातली होती. पुढची पानं जेवून उठली, आणि शेवटच्या पानाला पातेलं खरवडलं तरी काही निघेना. त्या पानावर भारत बसला होता. चेअरमनचंच पोरगं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. बापानं घेतलं. तेव्हापासून पंगतीतल्या शेवटच्या पानावर अन्न पडल्याशिवाय त्यानं घास उचलला नव्हता. घरात नाही, कुणाच्या लग्नातही नाही.

इथं तर डॉक्टर खाऊन मोकळाही झाला होता.

भारतनं बापापुढची बशी उचलली. पुढ्यातलं वाढलेलं पान उचललं! गहिनीनाथच्या कानशिलात आग उठली. तो खुर्चीवरून अर्धा उठला. तसाच गेला असता, तर बापलेकाचं कायमचं तुटलं असतं.

"कावून उचललं रं?"

"गार झालं. तुमाला खायचं न्हाई ना. ऱ्हाऊ द्या आबा, तुमची शपथ तुमच्यापाशी."

"शपथ गेली खड्ड्यात! त्या शेवटच्या माणसाला वाढलं का तू?"

भारतचा हात थांबला. त्यानं शेवटच्या खुर्चीकडं पाहिलं, मग बापाकडं. बाहीनं डोळे पुसले. नवा घास वळला, बापापुढं ठेवला आणि ओट्यावर ओणवा झाला.

"आबा, पुरंल," तो हळू म्हणाला. "आज समद्यांना पुरंल. तुमी खा."

गहिनीनाथनं पुन्हा एकदा टोकाच्या खुर्चीकडं पाहिलं. त्या माणसापुढची बशी अजून कोरीच होती. मग त्यानं घास उचलला आणि खाल्ला.