दाराआडची फळी

"पावणं, पाय आत घालू नगा. तितंच थांबा."

बायडाबाईनं दार वीतभरच उघडलं होतं. खाली गुडघाभर उंचीची प्लायवूडची फळी आडवी लावलेली, आणि फळीला आतून तिचा पाय टेकलेला. बाहेर गॅसवाला खांद्यावर सिलेंडर घेऊन वाकून उभा होता.

"अवो मावशी, खांदा मोडला माजा. आत वाघ पाळलाय काय?"

"वाघ न्हाय, मांजार हाय."

"मांजराला एवढा बंदोबस्त? मंत्री आला तरी आमच्याकडं एवढा नसतोय."

"मंत्री पळून जात न्हाय न्हवं," असं म्हणून बायडाबाईनं मागं वळून बघितलं.

हॉलमधल्या कॉटवर तिचा नवरा पिराजी पडून होता. त्याच्या कुशीला पांढरा रव्या. डोळे मिटलेले, पण कान दाराकडं लागलेले. पिराजीचा डावा हात त्याच्या पाठीवर होता. ते बघून मगच तिनं फळी उचलली, गॅसवाल्याला आत ओढून घेतलं आणि तो वळायच्या आत दार लावलं.

ही माणसं हुपरीची. पिराजीचा उभा जन्म चांदीच्या पैंजणांत गेला. घरातच भट्टी, घरातच काम. तो तार ओढायचा, डाग देऊन सांधे जोडायचा. बायडाबाई शेजारी बसून घुंगरं ओवायची. दिवसभर दोघं एकमेकांशी फार बोलत नसत, तरी एकाचा हात थांबला की दुसरा मान वर करून बघायचा. मग एके दिवशी पिराजीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मुलगा धैर्यशील कोल्हापुरात नोकरीला. त्यानं आईबापाला आपल्या आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटवर आणलं. पिराजीला गाडीत बसवताना त्याचा डावा हात घराची चौकट सोडेना. धैर्यशीलला कळेना काय ते. बायडाबाईला कळलं. तिनं कौलांवरून रव्याला हाक मारून खाली घेतलं, दुरडीत घालून वर फडकं बांधलं आणि दुरडी त्याच्या मांडीवर दिली. तेव्हा हात सुटला.

रव्या नाव त्यानंच ठेवलेलं. दागिन्यावर चांदीचा बारीक दाणा बसवतात, त्याला रवा म्हणतात. पिलू असताना ते मांजर तेवढंच आणि तसंच पांढरं होतं. गळ्यातलं घुंगरूही त्याच्याच हातचं, हात चालत होता तेव्हाचं शेवटचं काम. बाजारच्या घुंगरापेक्षा त्याचा आवाज जाड, जरा ओलसर. बायडाबाईला तो भाकरी थापताना, पाठमोरी असतानाही ओळखू यायचा.

कौलांवर हिंडलेलं जनावर ते. इथं गॅलरीतून खाली बघितलं तर माणसालाच गरगरायचं. धैर्यशीलनं गॅलरीला कबुतरांची जाळी मारून घेतली. खिडक्यांना ग्रिल होतंच. राहिलं दार. गेल्या पावसाळ्यात इस्त्रीवाला कपडे द्यायला आला आणि त्याच्या पायातून रव्या सटकला. दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं सापडला. तोवर पिराजीनं पेजेला तोंड उघडलं नाही. नजर दारावरून हलवली नाही. रव्याला आणून कुशीत ठेवल्यावर त्याच्या घशातून काहीतरी निघालं. शब्द नव्हे, नुसता "अव्या" असा आवाज. झटक्यानंतर त्याच्या तोंडून निघालेलं तेवढंच. त्याच संध्याकाळी बायडाबाईनं माळ्यावरची फळी काढून दाराला लावली.

सून क्रांती कुरकुरायची. "आत्ती, साडीला केस, डब्यात केस. ऑफिसात इच्यारत्यात, घरात शेळी हाय का म्हणून."

"असू दे बाई. ह्येनी ह्या मांजराच्या शेपटीला बांधल्यात. ते सुटलं की ह्येबी सुटलं."

क्रांती साडीवरचे केस झाडून ऑफिसला जाई.

बायडाबाईला एकच गोष्ट खुपायची. हुपरीच्या घरात दिवेलागणीला दार कधी लागलं नव्हतं. त्या वेळेला लक्ष्मी येते, तिला दार बंद दिसू नये. इथं मात्र ती बंद दाराआड दिवा लावायची आणि देवापुढं दोनदा हात जोडायची, एकदा नेहमीचे आणि एकदा माफीचे.

"आई, लक्ष्मी आता ऑनलाइन येत्या," धैर्यशील हसायचा. "तिला दार लागत न्हाय."

बायडाबाई हसायची नाही.

दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी ती चहाची वाटी आणि चमचा घेऊन कॉटपाशी आली. रव्या रात्रीत कुशीतून उठून पिराजीच्या पायांवर जाऊन बसला होता. असा तो कधी बसत नसे. तिनं पिराजीच्या तळव्याला हात लावला आणि वाटी खाली ठेवली.

हुपरीहून टेम्पो भरून माणसं आली. मयताच्या घराचं दार लावत नाहीत. ते सताड उघडं राहिलं. कुणीतरी फळी उचलून भिंतीला टेकवली. चपलांची रांग लिफ्टपर्यंत गेली. पिराजीची धाकटी बहीण विठाबाई हंबरडा फोडत आत आली, भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि तिची नजर पायांकडं गेली.

"वैनी, ते मांजार आदी कोंडा. मड्यावरनं गेलं म्हंजे वंगाळ."

बायडाबाई स्वतः उठली. रव्यानं चादरीत नखं रुतवली होती. तिनं एकेक नख सोडवलं, त्याला छातीशी धरून बाथरूममध्ये नेलं आणि बाहेरून कडी लावली.

"गप बस लेकरा. त्यास्नी नेऊ दे, मग काढते तुला," ती दाराशी तोंड नेऊन म्हणाली आणि परत पिराजीच्या पायाशी येऊन बसली.

तिनं विचार करूनच केलं होतं. फक्त विचार हुपरीचा होता. हुपरीत मयताच्या अंघोळीचं पाणी अंगणात तीन दगडांवर तापतं. घरातल्या मोरीकडं कुणी फिरकत नाही. इथं गरम पाणी बाथरूममधल्या गिझरलाच येतं, हे रोज त्याच पाण्यानं पिराजीचं अंग पुसणाऱ्या बायडाबाईला त्या घटकेला आठवलं नाही.

"पानी आना की आता," कुणीतरी पुरुष म्हणाला.

विठाबाई बादली घेऊन उठली. कडी वाजली. तो आवाज कानावर पडला आणि बायडाबाईला सगळं कळलं. ओरडायला तिनं तोंड उघडलं, पण तोवर बायकांच्या लुगड्यांमधून पांढरं काहीतरी सपकन गेलं.

"अगं बया," कुणीतरी म्हणालं.

घुंगरू उंबऱ्यावर वाजलं. मग चपलांवर. मग जिन्यात.

ती गुडघ्यांवर अर्धी उठली. नवऱ्याचं मडं टाकून बाई मांजरामागं पळाली, ही गोष्ट हुपरीनं जन्मभर चघळली असती. पण ती बसली त्यामुळं नव्हे. पिराजीचा पाय तिच्या हातात होता, तो खाली ठेवायला हात तयार होईना. ती तशीच बसून ऐकत राहिली. जाड, ओलसर घुंगरू खालच्या मजल्यावर गेलं. त्याच्याही खाली गेलं. मग कुणीतरी लिफ्टचं बटण दाबलं आणि त्या घरघरीत ते बुडालं.

सकाळपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता तिला असा उमाळा फुटला की विठाबाई भरली बादली ठेवून धावत आली आणि तिला कवटाळून म्हणाली, "रड वैनी, रड. मोकळी हो."

माणसं पंचगंगेवर जाऊन आली. मांजराचं कुणी नाव काढलं नाही. धैर्यशील भिंतीला टेकून बसला होता, डोळे सुजलेले. त्याचा बाप गेलेला. त्याला मांजराचं कसं विचारायचं? तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं, कावळा शिवला, टेम्पो हुपरीला परतला.

त्या दिवशी संध्याकाळी क्रांती बाहेरून आत आली. हातात दुधाची वाटी, तशीच भरलेली. साडीच्या काठाला धूळ, गुडघ्यांवर पार्किंगमधलं काळं तेल.

बायडाबाईनं वाटीकडं बघितलं. "कवापासनं बगत्यास?"

"त्याच दिवसापासनं, आत्ती." क्रांती ओट्याशी पाठमोरी उभी राहिली. "सगळ्या गाड्यांखाली बघितलं. गच्चीवर बी गेलते. तुमास्नी सांगायचं धाडस झालं न्हाय."

"वॉचमन काय म्हनतोय?"

"बाळासो व्हय? मयताची गाडी निघाली तवा गेट उघडं हुतं म्हणतोय. मागनं पांढरं कायतरी गेल्यागत वाटलं, पर मी हात जोडून उभा हुतो म्हणतोय, बघितलं न्हाय." तिनं वाटी ओट्यावर ठेवली. "ह्यांना सांगून सोसायटीच्या गुरुपवर फोटो टाकू. घुंगरू हाय की गळ्यात. कुनीतरी वळखंल."

"नगं."

"का वो?"

"ज्यांच्यापायी डांबून ठेवलतं, त्येच गेलं की आता," बायडाबाई म्हणाली. "बिचाऱ्यानं लई दिवस सोसलं."

बाहेर अंधारून आलं. गॅलरीच्या जाळीतून समोरच्या इमारतीतले दिवे दिसायला लागले. बायडाबाईनं वात वळली, रिकाम्या कॉटच्या उशाशी दिवा लावला. मग उठून तिनं दाराची कडी काढली आणि दार पार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. क्रांतीनं सवयीनं कोपऱ्यातली फळी उचलली आणि दाराकडं आली.

"ऱ्हाऊ दे ती."

"आत्ती, दार उघडं ऱ्हातंय."

"ऱ्हाऊ दे. आता जायाचं कोन उरलंय?"

क्रांती फळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. बायडाबाईनं ती तिच्याकडून घेतली, दिव्यापाशी बसली आणि मांडीवर आडवी ठेवली. खालच्या अंगाला नखांचे ओरखडे होते, एकावर एक, लाकूड पांढरं पडेपर्यंत. तिनं त्यावरून बोट फिरवलं. जिन्यातून गार वारा आला. ज्योत वाकली, तशी तिनं तिला हाताचा आडोसा केला. दार मात्र लावलं नाही.