धुराच्या डब्याची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना, अंगभर पोचे पडलेला धुराचा डबा आहे. नावाला हसू नका. गाडीच्या टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर सुटू नये म्हणून नळ्यांचं जाळं असतं. त्यात केसाएवढी चीर पडली तर शोधणार कोण? मी! नळ्यांत मी हलकेच धूर सोडायचो आणि चीर असेल तिथून तो डोकवायचा. "डब्यानं चोर पकडला!" म्हणत मिस्त्री माझ्या पाठीवर थाप मारायचा. चोर सापडला नाही की लाथ. हे पोचे त्या लाथांचे.

हाताखाली त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. मिस्त्रीचा हात जिभेआधी चालायचा. कधी पाना फेकायचा, कधी कानफटात द्यायचा. बहिणीच्या संसाराकडे बघून मेहुणा मूग गिळून बसायचा.

माझ्या पोटात साधी हवा भरायची नाही, बाटल्यातला नायट्रोजनच भरायचा, असा नियम होता. पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळली की ठिणगी पडायची खोटी, भडकाच. त्या दुपारी बाटला संपला होता आणि गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं. मिस्त्रीनं चाकात हवा भरायची नळी मला जोडली.

"दाजी, थांबा! भडका उडेल!" मेहुण्यानं नळी धरली.

"मला शिकवतोस?"

मिस्त्रीनं त्याला कॉलरला धरून भिंतीवर आपटलं, नाकावर बुक्की हाणली. रक्ताची धार लागली. मग त्यानं हवा सोडली. एवढा दाब मी कधीच सोसला नव्हता. टाकीची नळी फटकन निसटली आणि वाफ बाहेर पसरली. "बघ, तुझ्यामुळे!" म्हणत मिस्त्रीनं धूर बघायला हातात धरलेला विजेचा दिवा मेहुण्याच्या अंगावर भिरकावला. काच फुटली, भडका उडाला.

मिस्त्रीच्या बाह्या पेटल्या. मार खाल्लेल्यानंच त्याला ओढून बाहेर काढलं, नुसत्या हातांनी विझवलं.

महिन्याभरानं सातवा महिना लागलेली बहीण गॅरेजात आली. मी कोपऱ्यात अर्धवट वितळून पडलो होतो.

"हवेची नळी कुणी जोडली होती?" तिनं विचारलं.

"यानं," मिस्त्री खाली बघत म्हणाला.

मेहुण्यानं बहिणीच्या पोटाकडे पाहिलं. "हो ताई, मीच," म्हणत त्यानं बोटं न वळणारे हात पाठीमागे लपवले. मला ओरडून खरं सांगावंसं वाटलं, पण मला तोंड कुठलं!

मित्रांनो, यंत्रांना पुसा, तेल घाला, असं मी सांगावं ही तुमची अपेक्षा असेल. ते राहू द्या. हवं तर आम्हाला लाथा घाला; पण 'थांबा' म्हणणाऱ्या माणसावर हात उगारू नका.