सत्तेचाळीस नंबरचं पाकीट

प्लास्टर कापायची मशीन सुरू होताच वैभवीने हात मागे ओढून घेतला आणि आजीच्या पदरात तोंड लपवलं.

लहानूजींनी मशीन बंद केली नाही. घरघरतं पातं त्यांनी स्वतःच्या तळहातावर टेकवलं आणि पोरगी डोकं बाहेर काढेपर्यंत तसंच धरून ठेवलं.

"पाह्य. रक्त आलं का?"

तिने मान हलवली.

"हे पातं गोल फिरत नाई, नुसतं थरथरते. कडक असन तेच कापते. मऊ असन ते त्याच्यासंगं हलते. आता सांग, प्लास्टर कसं हाये?"

"कडक."

"अन् तुही चामडी?"

तिने दुसऱ्या हाताचं बोट दंडावर दाबून पाहिलं. लहानूजी थांबले. उत्तर आपण सांगून टाकायचं नाही, हे त्यांनी एकतीस वर्षांत ठरवूनच टाकलं होतं.

"मऊ," ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

रामदासपेठेतल्या या जुन्या दवाखान्यात हाडांच्या विभागाची प्लास्टरची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या मागे होती. एक लोखंडी टेबल, पाण्याची बादली, कापसाचे गुंडाळे आणि भिंतीवर एक्स-रे लावून पाहायची दिव्याची पेटी. एक्स-रे आता कॉम्प्युटरवर येत; पेटी उरली होती ती खोलीत उजेड कमी म्हणून. रोज सकाळी सातच्या एसटीने खाप्याहून निघून लहानूजी नऊला इथे पोचत आणि संध्याकाळी परत जात. अलीकडे बसमध्ये बसल्याबरोबर त्यांचा डोळा लागायचा, आणि उतरताना दोन्ही खांदे असे दुखायचे, की वरचा दांडा धरवत नसे.

प्लास्टर दोन फाकांत उघडलं. आतून कोंदट वास आला. मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जखम होती, ओली, कडेने पांढरी पडलेली. तिच्यात निळ्या पेनचं टोपण रुतून बसलं होतं.

आजीने, रंभाबाईंनी, तोंडावर हात ठेवला. "हे कधी घातलं वं? सांगितलं काहून नाई?"

खाजत होतं म्हणून टोपणाने खाजवलं, ते आत गेलं, मग भीती वाटली, एवढंच वैभवी हळू आवाजात म्हणाली. किती दिवस झाले ते तिला सांगता येईना. लहानूजींनी टोपण चिमट्याने काढलं, जखम धुतली आणि डॉक्टर मिनलना बोलावणं पाठवलं.

मिनल हाडांच्या विभागात शेवटच्या वर्षाला शिकत होती. तिने जखम पाहिली, मलमपट्टी केली, दहा दिवसांत भरून येईल म्हणाली. मग तिने रजिस्टर उघडून वैभवीच्या नावापुढे लिहिलं: प्लास्टर, त्वचेला जखम. या रजिस्टरात अशी जखम तिसरी होती, आणि तिन्ही प्लास्टरच्या रकान्यात होत्या.

रंभाबाईंनी तेवढ्यात विचारलंच. त्यांच्या गल्लीतली एक मुलगी अशीच पडली होती, तिच्या मनगटालाही हेच झालं होतं, याच दवाखान्यात तिला नुसती पट्टी बांधून घरी पाठवलं. ती पंधरा दिवसांत दोरीवरच्या उड्या मारायला लागली. मग आमच्याच पोरीला काहून प्लास्टर?

मिनलने खुर्ची ओढली आणि समजावून सांगितलं. लेकराचं हाड मोठ्या माणसासारखं कडकन मोडत नाही. ओल्या फांदीसारखं ते एका बाजूने जरा दबतं, आणि आपलं आपणच भरून येतं. अशा हाडाला प्लास्टर लागतंच असं नाही, असं बाहेरच्या देशात शेकडो मुलांच्या अभ्यासात दिसलंय. आपल्याकडच्या मुलांनाही तसंच होतं का, ते आपण इथे पाहतोय. म्हणून पाकिटं आहेत. कोणाला प्लास्टर, कोणाला पट्टी, हे बंद पाकिटात असतं. तुमची परवानगी घेतली होती ना, तेव्हा हेच सांगितलं होतं.

"ते कोणाच्या हातात नसतं, आजी. डॉक्टरच्याही नाही. निवडता आलं तर अभ्यासाला अर्थच राहत नाही."

लहानूजी खाली वाकून फरशीवरचे प्लास्टरचे तुकडे गोळा करत होते. तुकडे संपले तरी ते काही वेळ वाकलेलेच राहिले.

पाकिटं मिनलने दीड वर्षापूर्वी आणली होती. खाकी, चिकटवलेली, वर एक ते साठ आकडे. आत एकच कागद, त्यावर मोठ्या ठळक अक्षरात प्लास्टर किंवा पट्टी. मूल आलं, आईबापांनी सही केली, की लहानूजींनी पुढच्या आकड्याचं पाकीट फोडायचं, आत असेल ते करायचं आणि पाकिटावर नाव-तारीख लिहून ठेवायचं. एवढं सोपं काम. मिनल म्हणाली होती, काका, तुमच्याइतकं भरवशाचं इथे कोणी नाही.

पहिली वीसेक पाकिटं त्यांनी तशीच फोडली. मग एकदा हात ओले होते, तेव्हा त्यांनी पुढचं पाकीट कोरडं राहावं म्हणून दिव्याच्या पेटीच्या चिमट्यात अडकवलं. हात पुसून वर पाहिलं तर खाकी कागदातून अक्षरं दिसत होती. पट्टी.

समोर टेबलावर बुटीबोरीचा एक मुलगा बसला होता. बसला कसला, दोनदा उडी मारून खाली आला होता. आई सांगत होती की पुन्हा दवाखान्यात यायला जमणार नाही, कंपनीत सुट्टी नाही. अशा पोराच्या हाताला पट्टी म्हणजे रस्त्यातच सुटणार. लहानूजींनी त्या पाकिटामागचं पाकीट दिव्यावर धरलं. त्यात प्लास्टर होतं. त्यांनी ते फोडलं आणि पहिलं पाकीट पुढच्या लेकरासाठी ठेवून दिलं.

त्या दिवशी त्यांना आपण काही वाईट केलं असं वाटलं नाही. उलट काहीतरी सांभाळून घेतल्यासारखं वाटलं. त्यानंतरही असं झालं, फार नाही, पण झालं. वैभवी आली तेव्हा सत्तेचाळीस नंबरच्या पाकिटात पट्टी होती. पोरगी खाप्याची, आपल्या गावची, घरी म्हातारी आणि ही दोघीच. लहानूजींनी अठ्ठेचाळीस नंबर फोडला होता.

दुपारी एक्स-रेवाल्या ओमप्रकाशबरोबर चहा घेताना त्यांनी ही गोष्ट पहिल्यांदा कोणाला तरी सांगितली. ओमप्रकाशने आधी विनोदावर नेलं. काका, म्हणजे तुमाले एक्स-रेची मशीनही लागत नाई, तुम्ही पाकिटाचाच फोटो काढता. लहानूजी हसले नाहीत, तेव्हा तो खुर्ची पुढे सरकवून बसला.

"चार महिने राह्यले तुमचे रिटायर व्हायले. गप राहा ना जी."

"त्या पोरीच्या हाताले भोक पडलं."

"भरून येईन ते. पण तुम्ही सांगसान तं काय होईन माहीत हाये? मॅडमचं दीड वर्ष पाण्यात. अन् लोक काय म्हणतीन? पट्टी जिंकून राहिली म्हणून बुढा आपलं प्लास्टर वाचवून राहिला."

हे मात्र लहानूजींच्या डोक्यात आलं नव्हतं. मिनलच्या आकड्यांत पट्टीच पुढे होती, हे सगळ्या विभागाला माहीत होतं. मार्चमध्ये तिला प्रबंध द्यायचा होता, त्याआधी पुण्याला परिषदेत वाचायचा होता. पट्टीवरच भागतंय तर लहानूजींच्या जागी नवा माणूस भरायची गरज नाही, असंही विभागाच्या मोठ्या सरांनी कुठेतरी म्हटलं होतं. त्याचं त्यांना फारसं वाटलं नव्हतं. खांदे दुखतच होते.

चहाचा कप त्यांनी धुऊन पालथा घातला आणि जिना चढले.

मिनल साडेचार वाजता डबा खात होती. भाजी संपली होती, ती नुसती पोळी मोडून खात होती. लहानूजींनी दारातूनच सांगितलं, "मॅडम, त्या पोरीचं पाकीट मी निवडलं होतं."

तिला वाटलं, उचललं असं म्हणतायत. ती म्हणाली, हो, तुम्हीच तर फोडता. लहानूजींनी मान हलवून नाही म्हटलं. ते म्हणाले, एक मिनिट खाली चला.

प्लास्टरच्या खोलीत त्यांनी कपाटातून एकावन्न नंबरचं पाकीट काढलं, पेटीच्या चिमट्यात अडकवलं आणि बटण दाबलं.

मिनलने ते वाचलं. मग तिने स्वतः बावन्न लावलं. त्रेपन्न. चोपन्न. चारही वाचता येत होती. तिने पेटी बंद केली.

"किती?"

"नऊ."

"कोणती ते आठवतं?"

"सगळी."

ती टेबलाच्या कडेवर बसली आणि खिशातून पेन काढलं. लहानूजींनी नावं सांगितली, गावं सांगितली, कोणाचा डावा हात, कोणाचा उजवा, कोण पेरूच्या झाडावरून पडलं होतं आणि कोण मोटारसायकलच्या टाकीवरून. कोणत्या मुलाला कोणतं पाकीट यायला हवं होतं, तेही सांगितलं. ती लिहीत गेली. मग तिने रजिस्टर मागवलं आणि एक पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. सत्तेचाळीस आणि अठ्ठेचाळीसपुढच्या तारखा खोडून अदलाबदल केलेल्या होत्या. अक्षर तिचं होतं.

"तारखा उलट्या दिसल्या होत्या मला. पाच-सहा ठिकाणी. मला वाटलं, लिहिताना तुमची चूक झाली. मीच सरळ केल्या." तिने पान मिटलं. "तुम्हाला विचारलंसुद्धा नाही."

बाहेर कोणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेली. तिचं एक चाक करकरत होतं.

"काहून केलं, काका?"

लहानूजींनी विचार केला. लेकरं लांबून येतात, हे खरं होतं. आया थकलेल्या असतात, हेही खरं होतं. पण ते पुरेसं नव्हतं.

"पट्टी बांधून पाठवलं का मले वाटे, लेकराले तसंच वापस लावून दिलं. आपण काई केलंच नाई. जे लेकरू दांडगं दिसे, त्याले मी प्लास्टर देत होतो. शांत लेकराले पट्टी."

"म्हणजे दांडगी मुलं सगळी एका बाजूला."

"हो."

"मग प्लास्टरवाल्यांना त्रास जास्त झाला तो प्लास्टरचा, की त्यांच्या दांडगेपणाचा? हे मला आता सांगता येणार नाही."

"नाई येणार. म्हणूनच सांगून राहिलो."

मिनलने डोळे चोळले. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. चोवीस तासांची ड्युटी सकाळीच संपली होती आणि ती घरी गेली नव्हती. सरांना सांगावं लागेल, ती म्हणाली, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीलाही लिहावं लागेल. कदाचित पहिल्या मुलापासून पुन्हा सुरू करावं लागेल. म्हणजे मार्च गेला. तिने हे सगळं उन्हाळी सुट्ट्यांच्या तारखा सांगाव्यात तसं सांगितलं. मग विचारलं, "वैभवीला जखम झाली नसती तर सांगितलं असतं तुम्ही?"

हो म्हणणं सोपं होतं. ती कदाचित तेच ऐकायला थांबली होती.

"नाई," लहानूजी म्हणाले.

तिने मान हलवली. उरलेली दहा पाकिटं तिने मोजून घेतली, काखेत धरली आणि दारापर्यंत जाऊन थांबली. सरांकडे दोघांनीही जायचं, उद्या दहाला. तारखा मी बदलल्या ते मी सांगेन, बाकीचं तुम्ही सांगा.

सहा वाजत आले होते, तेव्हा अपघात विभागातून एक बाई मुलाला घेऊन आली. प्रीती नाव, साधी पंचविशीतली पोर. तिचा साहिल घसरगुंडीवर उलटा चढताना पडला होता. हातातल्या कागदावर मिनलचं अक्षर होतं: हाड जरासं दबलंय, पट्टी, तीन आठवडे. पाकिटाचा आकडा नव्हता.

पट्टी पाहून प्रीतीचा चेहरा उतरला. तिने विचारलं की प्लास्टर नाही का घालणार, पोरगा एक मिनिट एका जागी बसत नाही. हे लहानूजींनी इतक्यांदा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या मनाने त्या बाईचीच बाजू घेतली होती. आता त्यांनी स्टूल ओढलं. हाड कसं दबतं ते सांगितलं. साहिललाच विचारलं, वाळकी काडी वाकवली तर काय होते, अन् ओली वाकवली तर? साहिलने बराच वेळ घेतला. उत्तर आल्यावर त्यांनी पट्टी बांधली, बोटांच्या मुळापासून कोपराखाली चार बोटांपर्यंत, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा. बोटांची नखं दाबून सोडल्यावर पुन्हा गुलाबी होतात का ते प्रीतीला दाखवलं.

मग पूर्ण बांधलेली पट्टी त्यांनी सोडली, गुंडाळी केली आणि तिच्या हातात दिली.

तिला वाटलं काहीतरी चुकलं. ते म्हणाले, चुकलं नाही, आता तू बांध. पहिल्या वेळी ती फार घट्ट झाली, साहिल ओरडला. दुसऱ्या वेळी गुंडाळी हातातून निसटून फरशीवर दूरवर उलगडत गेली, आणि मायलेक दोघंही हसले. तिसऱ्या वेळी मनगटाशी एक वेढा सैल राहिला. लहानूजींचे हात आपसूक पुढे झाले. त्यांनी ते मागे घेतले, पाठीशी नेऊन एकात एक धरले.

"सोड अन् आणखी एक डाव बांध, बाई," ते म्हणाले. "घाई नाई. घरी मी नसन."