वजूचं पाणी

मशिदीच्या नव्या दरवाजाचं काम कमिटीनं नईमला दिलं, तेव्हापासून हाशमच्या पोटात दुखत होतं. जुना दरवाजा अब्बांनी कोरलेला. नवा आपल्याच हातून उतरणार, त्यात विचारायचं काय, असं चाळीस वर्षं पटाशी धरलेल्या हाशमला वाटत आलं होतं. पण धाकट्या भावानं मधल्या खोलीत ते कॉम्प्युटरवर चालणारं नक्षीकामाचं मशीन आणून बसवलं, नमुन्याची वेल एका दुपारीत काढून दाखवली, आणि हाशमनं मागितलेले तीन महिने कमिटीला एकदम जास्त वाटायला लागले.

याला नक्षी म्हणायची की उंदरानं कुरतडलेलं लाकूड, असं तो चहाच्या टपरीवर विचारून आला. घरात मात्र तोंड उघडलं नाही. फक्त मागच्या अंगणात, कडुनिंबाखालच्या दगडावर बसून वजू करायची जुनी सवय त्यानं मोडली. दगड नेमका मधल्या खोलीच्या खिडकीखाली होता. ती घरघर ऐकत बसण्यापेक्षा नमाजाआधीचे हातपाय मशिदीतच धुतलेले बरे.

आठवडाभरात मशीन रुसायला लागलं. चालू केलं की दिवे मंद होत, पंखा रेंगाळे आणि वेल अर्ध्यावर असताना मशीन बंद पडे. सागाच्या दोन फळ्या वाया गेल्या. नईमनं स्टॅबिलायझर बदलला, वायरी बदलल्या. मशीन विकणारा फोनवर एकच सांगे, तुमच्याकडं करंटच कमी येतोय. ओसरीवर चौरंग घासत बसलेल्या हाशमला हे ऐकून आनंदाच्या उकळ्या फुटत. त्याची त्यालाच लाज वाटे, पण उकळ्या काही थांबत नसत.

एका दुपारी मशिदीचा हौद कोरडा पडला. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. नाइलाजानं हाशम घरच्या दगडावर बसला. पायावरचं पाणी नेहमीसारखं शेजारच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उतरलं, आणि आत अडखळणारं मशीन हळूहळू सुरात आलं. हाशमचा हात थांबला. बारा वर्षांपूर्वी घराची न्यूट्रलची, म्हणजे वीज खांबाकडं परत नेणारी वायर तुटली होती. दोन दिवसांपुरती म्हणून त्यानंच ती एका वायरमनकडून अर्थिंगच्या सळईला जोडून घेतली होती. ते दोन दिवस अजून संपले नव्हते. सगळ्या घराची वीज त्या खड्ड्यातून परत जात होती, आणि खड्डा ओला राहत होता तो हाशमच्या वजूमुळं.

सांगायला हवं होतं. त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दगडाकडं न फिरकता मोरीतच हातपाय धुऊन गेला, मशीन बंद पडलं. तिसऱ्या दिवशी बसला, तर मशीन दिवसभर चाललं. तुझी सगळी विद्या माझ्या लोट्यावर चालते, असं मनात म्हणत तो चार दिवस ऐटीत वावरला. मग नईम एक पूर्ण झालेली वेल घेऊन ओसरीवर आला. वेल चांगली होती. हाशमनं त्याच दिवसापासून पाणी तोडलं.

तिसऱ्या दिवशी नईमची बायको माजिदा भुसा झाडताना मशीनला टेकली आणि किंचाळून मागं फेकली गेली. हाशम धावत आत आला, तेव्हा ती हात धरून भिंतीशी बसली होती आणि नईम बघायला म्हणून मशीनकडं हात नेत होता.

"हात लावू नको त्याला. आधी मेन बंद कर."

मग त्यानं तुटलेली न्यूट्रल, सळई, वाळलेला खड्डा आणि वाट न मिळाल्यानं मशीनच्या अंगात उतरलेली वीज, सगळं सांगितलं. नईम ऐकत राहिला. माजिदानं मात्र मान वर केली.

"भाईजान, तुमाला हे कदीपासून ठावं हाय?"

"आत्ताच आठवलं," हाशम म्हणाला.

लाईनमननं खांबापासून नवी वायर ओढली. भाईला आठवलं म्हणून वाचलो, असं नईम येईल त्याला सांगू लागला. माजिदानं मात्र हाशमपुढं चहा ठेवताना पुन्हा कधी त्याच्याकडं पाहिलं नाही.

दरवाजाची शेवटची फळी मशीनवर चढली, त्या दुपारी हाशम कडुनिंबाखाली बसला. वजूला पाणी उधळू नये, हे नईमला लहानपणी त्यानंच शिकवलं होतं. त्यानं भरलेला लोटा खड्ड्यात उपडा केला आणि खिडकीकडं कान दिला. मशीनच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही. हाशमनं दुसरा लोटा भरून घेतला.