प्रोग्रॅमिंगशिवाय सर्टिफिकेट

ज्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही, त्याच्या हाती कारखान्याची कॉम्प्युटर सिस्टिम सोपवणं हा उद्योगजगताशी द्रोह आहे, असं नागोरावांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी पालघरच्या प्रोग्रॅमिंगच्या क्लासची फी भरल्यानंतर बनवलं. त्याआधी कित्येक वर्षं ते स्वतः एकही प्रोग्रॅम न लिहिता तारापूरच्या एका रंगांच्या कारखान्याची सिस्टिम सांभाळत होते, आणि उद्योगजगताची काही तक्रार नव्हती.

दर शुक्रवारी, एमआयडीसीच्या सुट्टीला, ते क्लासला जात. दिवाळीपर्यंत त्यांना स्वतःचं नाव पडद्यावर दहा वेळा उमटवता येऊ लागलं.

१९९४ साली कारखान्याला कॉम्प्युटर पुरवणाऱ्या कंपनीनं सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परीक्षा काढली. कारखाना दोघांना मुंबईला पाठवणार होता. एक नागोराव, दुसरं नाव त्यांनीच सुचवायचं होतं.

पंढरी पावडर खात्यात पिवळा रंग पिशव्यांत भरायचा. त्याची उशी पिवळी, थुंकीही पिवळी. डॉक्टरनं खातं बदलायला सांगितलं होतं. नागोराव रजेवर गेले की सिस्टिम तोच बघायचा, आणि त्यांच्याच परभणीकडचा म्हणून त्यांना मामा म्हणायचा.

"मामा, माझं नाव देता का?"

"प्रोग्रॅमिंग येतं का तुला?"

"नाही. पण टेपवर बॅकअप घेता येतो, बंद पडली तर चालू करता येते."

"ते कुणालाही येतं. सर्टिफिकेट म्हणजे काय चेष्टा आहे?"

"बॉयलरवरच्या मारुतीकडं हाय की सर्टिफिकेट. त्याला कुठं बॉयलर बनवता येतो?"

नागोरावांनी चष्मा पुसला. "बॉयलर फुटला तर आवाज होतो, पंढरी. कॉम्प्युटर गुपचूप फुटतो."

वाक्य इतकं छान जमलं की ते खरं आहे का, हे बघायचं राहूनच गेलं. पंढरी मान हलवत गेला. दुसरी जागा रिकामी राहिली.

नागोराव पास झाले. एसी खोली मिळाली, आणि सर्टिफिकेटवाल्याशिवाय त्या खोलीत कुणी जायचं नाही, असा नियमही निघाला. पंढरीचं रजेपुरतं येणं त्यात बंद झालं. पुढच्या वर्षी परीक्षा आली तेव्हा साहेब म्हणाले, एक आहे तेवढा पुरे.

कुंभवली नाक्यावर चहा पिताना पंढरीनं एकदा विचारलंच, "मामा, पेपरात प्रोग्रॅमिंग लई होतं का?"

नागोरावांनी बिस्किट बुडवलं. ते बशीत पडलं. ते चमच्यानं काढत बसले.

"बरंच होतं."

"मग बरं झालं, बसलो नाही. नाव तुमचं खराब झालं असतं."

पंढरी खोकला, आणि रुमाल घडी करून खिशात ठेवला. काहीतरी सांगायला हवं, असं नागोरावांना फार वाटलं. त्यांनी त्याच्यासाठी आणखी एक चहा सांगितला.

पेपरात शंभर प्रश्न होते. प्रोग्रॅमिंगवर एकही नव्हता.