सुताराची कंबर आणि हलणारं टेबल

सुताराच्या कमरेवर पैज लागली ती त्याच्याच दुकानासमोर, आणि लावली खुद्द सुतारानं. मणक्यांमधली खालची चकती झिजलीय, असं एमआरआयमध्ये आलं होतं. रंधा मारायला वाकला की जीव कळवळायचा, कळ पायात उतरायची. आता डॉक्टरीणबाई काय सांगणार?

"ऑपरेशन!" सुतार म्हणाला. "सडकं काढायचं, नवं ठोकायचं. मी दारं कशी नीट करतो?"

"हट्, जुनाट माणसा! लेझर!" शेजारचा पाट्यावाला म्हणाला. नावाच्या पाट्या कोरायला त्यानं लेझर मशीन घेतलं होतं, तेव्हापासून तो स्वतःला निम्मा सर्जन समजायचा. "माझं मशीन प्लाय कापतं, कुठे चरा दिसतो का?"

"दिसत नाही, पण जळका वास येतो!"

सुताराची बायको पॉलिशचा बोळा घेऊन बाहेर आली. "व्यायाम सांगतील. बघाच."

दोघे पोट धरून हसले. ठरलं. हरेल त्यानं दुकानासमोर सतरंजी टाकून कमरेचे व्यायाम करायचे, अख्ख्या गल्लीदेखत.

हसला खरा, पण सुताराला एकच धास्ती होती. रंधा कायमचा सुटला तर? हातपाय हलवून झिजलेली चकती थोडीच भरून येणार! एकदाचं कापून मोकळं व्हावं आणि कामाला लागावं. म्हणून तपासणीला जाताना त्यानं दुखण्यावर जरा जास्तीचं पॉलिश मारायचं ठरवलं.

दवाखान्यात तो बायकोच्या खांद्यावर लोंबकळतच शिरला. न्याय व्हावा म्हणून पाट्यावालाही मागोमाग. डॉक्टरीणबाईंनी त्याला टेबलावर झोपवून पाय जरासा उचलला मात्र, सुतारानं अशी बोंब ठोकली की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले.

"अहो, पुरे," बायको पुटपुटली.

"अंगठा वर ओढा. जोर लावा," बाई म्हणाल्या. इथे नाटक करायचं सुतार विसरला. "छान. लघवीवर ताबा आहे ना?"

"मॅडम, या पाट्यावाल्यासमोर नका ना विचारू!"

"आहे की नाही?"

"आहे."

बाई फिल्म बघायला वळल्या. सुतार कूस बदलायला गेला आणि तपासणीचं लाकडी टेबल कुरकुरलं. त्यानं दात आवळले. पुन्हा कुरकुरलं. एक पाय ढिला होता. सुताराला कंबरदुखी सोसेल, पण हलणारं टेबल? सरळ खाली उतरला, उकिडवा बसला, टेबलाखाली मुंडकं घातलं आणि बोल्ट पिळायला लागला.

"कुणी जोडलंय हे? हात तोडले पाहिजेत त्याचे!"

समोर बाईंच्या चपला दिसल्या.

"झालं घट्ट?" त्यांनी विचारलं. "आता उठा."

उठताना मात्र खरीच कळ आली. पाट्यावाला भिंतीला टेकून खिदळत होता.

"दुखतं हे खोटं नाही," बाई म्हणाल्या. "पण पायात ताकद आहे. पाय लुळा पडायला लागला, लघवीवरचा ताबा गेला, तर ताबडतोब या, तेव्हा ऑपरेशनचं बघू. किंवा काही आठवडे व्यायाम, गोळ्या सगळं करूनही पायातली कळ हटली नाही तर. ऑपरेशन दबलेली नस मोकळी करतं, कोरी कंबर बसवून देत नाही."

"आणि लेझर?" पाट्यावाला पुढे सरसावला.

"चकती फुगलेली असेल तर मोजक्या लोकांना करतात. यांची झिजलीय. आणि खात्रीचा पुरावा अजून कमीच आहे."

"पण माझं मशीन प्लाय..."

"हा प्लाय नाही हो!" बायकोनं त्याला गप्प केलं.

"रंधा सुटेल का?" सुतारानं हळूच विचारलं. नाटकाचा पत्ता नव्हता.

"का सुटावा? कामाचं टेबल उंच करून घ्या. चाला. लागली तर गोळी घ्या. व्यायाम रोज. बहुतेकांना हळूहळू आराम पडतो."

संध्याकाळी दुकानासमोर दोन सतरंज्या पडल्या. गल्ली खिडक्यांत आणि ओट्यांवर जमली. सुतार आणि पाट्यावाला उताणे, गुडघे वर.

"कंबर उचला!" बायकोनं हुकूम सोडला. सुताराची उचलली गेली, कण्हत का होईना. धडधाकट पाट्यावाला अर्ध्यावर गेला आणि धपकन आपटला.

"वहिनी, माझी कंबर ठणठणीत आहे हो, मला कशाला?"

"हरलात ना? मग उचला! आणि तुम्ही, हसायचं नाही. पोट आत!"

पण सुताराला हसू आवरेना. हसताना कंबर दुखत होती, तरी खाली काही टेकवली नाही.